कोल्ह्याची द्राक्षं खरंच आंबट असतात

गेल्या अंकात नाशिकच्या लाल वाइनबद्दल लिहिताना मी एका ओळीत म्हणून गेले होते, ‘माझं पहिलं प्रेम सांजोवेझे, पण ते प्रकरण वेगळं.’ त्या एका ओळीवर एकोणीस पत्रं आली. त्यातली दोन माझ्या लग्नाची चौकशी करणारी होती, ती बाजूला ठेवते. उरलेल्यांपैकी बहुतेकांनी विचारलंय की हे इटलीचं लाल द्राक्ष आहे तरी कसं आणि त्याचं एवढं कौतुक कशाला. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देते.

प्रश्न : ताई, आमची पिंपळगाव बसवंतजवळ चार एकर बाग आहे. थॉम्पसन जास्त, थोडी काळी. जावई कामानिमित्त इटलीला होते, त्यांनी येताना कियांतीची बाटली आणली. लेबलवर कोंबडा होता. पाहुण्यांसमोर मोठ्या हौसेनं उघडली आणि पहिल्याच घोटाला माझं तोंड वाकडं झालं. आंबट, वरून तुरट, जांभळं खाल्ल्यावर जीभ होते तशी. रंगही पातळ. आमचा माल असा निघाला तर व्यापारी गाडी रिकामी परत नेईल. बाटली खराब होती की आम्हाला कळत नाही?

दादा, बाटली चांगली होती. खराब वाइनला व्हिनेगरचा झोंबरा वास येतो, नाहीतर पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा. तुम्ही जे लिहिलंय, आंबट, तुरट, रंगाला पातळ, ते सांजोवेझेचं आधार कार्ड आहे. काळा कोंबडा हे कियांती क्लासिकोचं, म्हणजे फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्याचं चिन्ह. त्या वाइनमध्ये किमान ८० टक्के सांजोवेझे असावंच लागतं, असा नियम आहे.

तुमचा धक्का मला समजतो, कारण मीही तुमच्याच शेजारची. वडिलांची निफाड तालुक्यात थॉम्पसनची बाग. लहानपणापासून द्राक्ष म्हणजे मण्याची साइज, साखर आणि चमक, एवढंच डोक्यात. पुढे द्राक्ष-वाइनचं शिक्षण घेतल्यावर एका हंगामासाठी मी कियांतीतल्या राद्दा गावाजवळच्या मळ्यावर कामाला गेले. ऑगस्टची सुरुवात होती. मण्यात नुकतं पाणी उतरायला लागलेलं, एकाच घडात निम्मे मणी हिरवे, निम्मे जांभळे. मळ्यावर एक म्हातारा होता, सगळे त्याला नोन्नो म्हणायचे, म्हणजे आजोबा. त्यानं मला कात्री दिली आणि पुढे चालू लागला. चालता चालता चांगले भरलेले घड कापून जमिनीवर टाकत होता. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या हातून पडतायत. मी मागून गोळा करून क्रेटमध्ये ठेवायला लागले. पाच-सात झाडांनंतर त्यानं वळून पाहिलं, माझ्या हातातला क्रेट घेतला आणि तिथंच पालथा केला. मग बुटाच्या टाचेनं एक घड मातीत दाबला आणि बोटं दाखवून सांगितलं, एका काडीला एक. माझ्या वडिलांनी हे पाहिलं असतं तर त्याला बांधावर बसवून पाणी पाजलं असतं आणि डॉक्टरला फोन केला असता.

पण तो वेडा नव्हता. सांजोवेझे हे फार उधळं झाड आहे. वाव दिला की पानं आणि घड यांचा नुसता पसारा मांडतं, आणि माल जितका जास्त तितकी वाइन पाणचट होते. रंग जातो, वास जातो आणि उरतो तो फक्त आंबटपणा. कियांती क्लासिकोत नियमानं हेक्टरी साडेसात टनांच्या वर माल धरता येत नाही. म्हणजे एकरी तीन टन. आपल्याकडे एकरी दहा टन काढणारा माणूस यंदा जरा कमी आला म्हणून कपाळाला हात लावतो!

आता आंबटपणाचं. गंमत अशी की काढणीच्या वेळी सांजोवेझे थॉम्पसनपेक्षा जास्त गोड असतं. आपण १८ ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) पुढे गेलो की कात्री हातात घेतो, ते लोक २३-२४ पर्यंत थांबतात. पण ती साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि तिची अल्कोहोल होते. मण्यातलं आम्ल मात्र यीस्ट फारसं खात नाही, ते बरंचसं तसंच राहतं. आपण मणी तोंडात टाकतो तेव्हा गोडीच्या पडद्यामागे आंबट लपलेलं असतं, वाइनमध्ये पडदा उठतो. सांजोवेझेत मुळातच आम्ल जास्त, म्हणून तुमच्या पाहुण्यांची तोंडं वाकडी झाली.

तुरटपणा साल आणि बी यांतून येतो. सप्टेंबर संपत आला तशी नोन्नोची रोज सकाळची फेरी सुरू झाली. मणी तोंडात टाकायचा, रस थुंकायचा (हो, थुंकायचा), आणि बी दातांखाली फोडायची. मलाही लावायचा. पहिल्या आठवड्यात बी हिरवट आणि मऊ होती, चावली की टाळूला बोरूच्या टाकासारखं काहीतरी खरवडायचं. दहा-बारा दिवसांनी तीच बी तपकिरी झाली आणि भाजलेल्या शेंगदाण्याच्या फोलपटासारखी कडकन फुटली. ‘आज,’ एवढंच तो म्हणाला. साखर मोजायचं यंत्र शेडमध्ये होतं, त्याच्या पोरानं ते वापरलंही, पण तोवर म्हाताऱ्यानं क्रेट लावायला घेतले होते.

हे झाड लवकर फुटतं आणि उशिरा पिकतं, म्हणजे वसंतातल्या कडाक्याच्या थंडीची भीती आणि शरदातल्या पावसाचीही. साल पातळ, त्यामुळे पाऊस लांबला की घड कुजतो. छाटणीनंतर अवकाळी आला की आपल्या पोटात जसा गोळा येतो, तसा त्यांच्या येतो.

रंगाचं म्हणाल तर पातळ रंग हा दोष नाही, ती या वाणाची जातकुळी आहे. तुमच्या बाटलीत थोडी उरली असेल तर पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरून कडेला पाहा. मध्ये माणिक आणि कडेला विटकरी दिसेल. वय वाढतं तशी ती वीट आत सरकत जाते. वास घ्या घाईनं नाही, पेला जरा फिरवून. मला त्यात आंबट चेरी येते, जी आपल्या लालसर करवंदाच्या जवळची, मग टोमॅटोच्या झाडाला हात लावल्यावर बोटांना राहतो तो हिरवा वास, कोरा चहा, आणि जुन्या बाटलीत चामड्याचा पट्टा. व्हॅनिला आणि चॉकलेट येत असेल तर ते द्राक्षाचं नाही, नव्या लाकडी पिंपाचं आहे.

प्रश्न : माझे वडील मर्चंट नेव्हीत होते. सत्तरच्या दशकात त्यांनी इटलीच्या एका बंदरातून गवताच्या टोपलीत बसवलेली गोल पोटाची बाटली आणली होती. ती आमच्या घरी कधी उघडली हे मला आठवत नाही, पण रिकामी झाल्यावर आईनं तिच्यात मेणबत्ती लावायला सुरुवात केली आणि लाइट गेली की आम्ही तिच्या उजेडात अभ्यास करायचो. बाटली अजून आहे, लेबलवर ‘कियांती’ एवढं वाचता येतं. तेव्हाची वाइन चांगली असेल का? – दापोली

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्या बाटलीला फियास्को म्हणतात. तळ गोल असल्यामुळे ती आपली आपण उभी राहत नाही, म्हणून गवताचं आवरण. आपण ‘कार्यक्रमाचा फियास्को झाला’ म्हणतो तो शब्द हाच, आणि खरं सांगायचं तर त्या काळातल्या पुष्कळशा कियांतीचाही तोच झाला होता. तुमच्या वडिलांच्या आवडीवर मी बोट ठेवत नाही, बंदरावर जे मिळालं ते त्यांनी प्रेमानं आणलं. पण त्या बाटलीत बहुधा कायद्यानं पांढरी द्राक्षं मिसळलेली होती.

गोष्ट जरा मागे जाते. कियांती येतं ते तोस्काना नावाच्या मुलखात. १७१६ साली तिथला सत्ताधीश कोसिमो तिसरा मेदिची यानं फर्मान काढून कियांतीच्या सीमा आखून दिल्या. कुठल्या मुलखातल्या वाइनला ते नाव लावायचं हे सरकारी कागदावर आलं, आणि असं जगात फार लवकर घडलेल्यांपैकी हे एक. मग एकोणिसाव्या शतकात बेत्तीनो रिकाझोली आले. पहिले पंतप्रधान कावूर यांच्यानंतर एकत्रित इटलीचे पंतप्रधान झालेले, स्वभावानं इतके कडक की लोक त्यांना लोखंडी सरदार म्हणत. ब्रोलियोच्या किल्ल्यात बसून त्यांनी वर्षानुवर्षं द्राक्षांच्या मिश्रणांचे प्रयोग केले आणि १८७२ मध्ये पिसाच्या एका प्राध्यापकांना पत्र लिहून निष्कर्ष कळवला. सांजोवेझेमुळे वाइनला वास आणि जोम येतो, कानायोलो या दुसऱ्या लाल द्राक्षामुळे त्याचा कडकपणा जरा मवाळ होतो, आणि मालवाझिया हे पांढरं द्राक्ष घातलं तर रोजच्या पिण्यासाठी वाइन हलकी होते. मुरवायची वाइन असेल तर पांढरं टाळावं, हेही त्यांनी लिहिलं होतं.

पुढच्यांनी पत्रातलं सोयीचं तेवढं वाचलं. १९६७ मध्ये कियांतीचे नियम ठरले तेव्हा १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षं घालणं सक्तीचं झालं. पांढरी द्राक्षं भरपूर लावलेली होती, त्यांची वासलात लागायला हवी होती. त्याच काळात भरघोस माल देणाऱ्या रोपांच्या नव्या लागवडी झाल्या. आधीच रंगाला पातळ असलेल्या द्राक्षाचा माल वाढवायचा आणि त्यात वर पांढरं ओतायचं, म्हणजे ताकात पाणी आणि पाण्यात ताक. ती वाइन गवताच्या टोपलीत बसून जगभरच्या पिझ्झाच्या दुकानांत गेली आणि तिथं मेणबत्तीला आधार झाली. तुमच्या घरी तिचा त्याहून चांगला उपयोग झाला.

काही जणांनी मात्र ऐकलं नाही. अंतिनोरी घराण्यानं १९७१ च्या हंगामापासून ‘तिन्यानेल्लो’ नावानं वाइन काढली, छोट्या पिंपात मुरवलेली, आणि चार वर्षांत पांढरी द्राक्षं पूर्ण बंद करून काबर्ने हे मूळचं फ्रान्सचं लाल द्राक्ष मिसळायला सुरुवात केली. राद्दामधल्या मोंतेव्हेर्तिनेनं १९७७ मध्ये त्याच्याही पुढे जाऊन निव्वळ सांजोवेझेची ‘ले पेर्गोले तोर्ते’ केली. नियम मोडल्यामुळे अशा बाटल्यांवर ‘कियांती’ लिहिता येईना. सगळ्यात खालच्या दर्जाचं ‘व्हीनो दा ताव्होला’, म्हणजे साधी जेवणातली वाइन, असं लिहावं लागे आणि किंमत मात्र सगळ्यांच्या वर. कायद्याला शहाणपण यायला बराच वेळ लागला. कियांती क्लासिकोत शंभर टक्के सांजोवेझेला परवानगी मिळाली १९९६ मध्ये, आणि पांढरी द्राक्षं पूर्ण बंद झाली २००६ च्या हंगामापासून. मधल्या काळात त्यांनी जुन्या मळ्यांतून चांगल्या वेलींच्या काड्या निवडून, वर्षानुवर्षं तपासून, कमी आणि घट्ट माल देणारी रोपंही तयार केली. पिंपळगावच्या दादांनी चाखली ती या नव्या काळातली बाटली.

बाटली जपून ठेवा. गवत पाण्यानं धुऊ नका, नुसत्या कोरड्या ब्रशनं झाडा.

प्रश्न : कियांती आणि ब्रुनेल्लो दोन्ही सांजोवेझेचीच, असं तुम्ही कार्यशाळेत सांगितलंत. मग दुबईच्या दुकानात एक बाटली दुसरीच्या तिप्पट-चौपट किमतीला कशी? नावाचे पैसे घेतात का? – पुणे

थोडे नावाचे घेतात, नाही म्हणत नाही. पण बाकीचे वेळेचे.

ब्रुनेल्लो येते मोंतालचीनोहून. सिएनाच्या दक्षिणेला टेकडीवर वसलेलं गाव, कियांतीपेक्षा उष्ण आणि कोरडं. बाजूला आमियाता डोंगर आडवा असल्यानं वादळं अडतात. तिथं द्राक्ष नेमानं पिकतं, म्हणून त्याला कानायोलोचा किंवा कुणाचाच टेकू लागत नाही. एकोणिसाव्या शतकात क्लेमेंते सांती आणि मग त्यांचा नातू फेर्रुच्चो बियोंदी-सांती यांनी हे हेरलं. शेजारीपाजारी ताजी, फसफसती, स्वस्त वाइन विकत असताना या घरानं एकट्या सांजोवेझेची, पिंपात वर्षानुवर्षं मुरवलेली वाइन केली. १८८८ च्या हंगामाच्या त्यांच्या बाटल्या प्रसिद्ध आहेत. ब्रुनेल्लो म्हणजे ‘काळसर, सावळा’. तेव्हा लोकांना वाटायचं हे वेगळंच द्राक्ष आहे. नंतर कळलं, घरचंच पोर, फक्त उन्हात खेळलेलं.

आजचा नियम असा की ब्रुनेल्लो शंभर टक्के सांजोवेझे, किमान दोन वर्षं लाकडात, आणि काढणीनंतरच्या पाचव्या वर्षीच्या जानेवारीपूर्वी विकायची नाही. २०२० चा माल जानेवारी २०२५ मध्ये बाजारात. कियांती क्लासिकोची साधी बाटली काढणीनंतर वर्षभरात विकता येते. चार-पाच वर्षं तुमचे पैसे तळघरात अडकलेले, व्याज चालू, वर पिंप गळलं तर नुकसान तुमचं. तुम्ही पुण्याच्या आहात, जुन्या बासमतीचा भाव आणि नव्याचा भाव यातला फरक तुम्हाला सांगायला नको.

२००८ मध्ये मोंतालचीनोत मोठं वादळ उठलं. काही उत्पादक गुपचूप दुसरी द्राक्षं मिसळतात असा संशय येऊन चौकशा लागल्या. मला त्यातला प्रयोगशाळेचा भाग आवडतो. सांजोवेझेच्या रंगद्रव्यांत एक ठरावीक प्रकार जवळजवळ नसतोच, आणि काबर्ने, मेर्लो या फ्रेंच लाल द्राक्षांमध्ये तो भरपूर असतो. म्हणजे ज्या पातळ रंगाची लाज वाटून लोक मिसळामिसळ करतात, तोच रंग चोरी पकडून देतो. त्यानंतर २०११ मध्ये, गावच्या धाकट्या वाइनमध्ये तरी, म्हणजे रोस्सो दी मोंतालचीनोमध्ये, दुसरी द्राक्षं चालू द्यावीत असा प्रस्ताव उत्पादकांसमोर आला. त्यांनी तो मोठ्या बहुमतानं पाडला.

पुढच्या वेळी दुबईत गेलात तर हा रोस्सोच घ्या. तेच गाव, तेच द्राक्ष, वर्षभरात बाजारात, म्हणून खिशाला परवडणारा. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला ब्रुनेल्लो घ्या, तीही यजमानांच्या कार्डावर.

प्रश्न : सांजोवेझे म्हणजे ‘गुरू देवाचं रक्त’ हे खरं का? – नागपूर

लॅटिनमधलं ‘सांग्विस योव्हिस’, ज्युपिटरचं रक्त, यावरून नाव आलं अशी कथा सांगतात. इटलीच्या रोमान्या भागातल्या सांतार्कांजेलो गावातले लोक तर शेजारची ज्युपिटरची टेकडी दाखवून ‘नाव इथलंच’ म्हणतात. कथा गोड आहे, मी कार्यशाळेत सांगतेसुद्धा, कारण लोक तेवढ्यापुरते मोबाइल खाली ठेवतात. जन्मदाखला मात्र डीएनएनं दिलाय. २००४ मध्ये जाहीर झालेल्या तपासणीनुसार सांजोवेझेचे आईबाप म्हणजे चिलियेजोलो आणि कालाब्रेझे दी मोंतेनुओव्हो. पहिलं तोस्कानात माहीत असलेलं, नावातच चेरी. दुसरं दक्षिणेकडचं, इतकं विस्मृतीत गेलेलं की शोधूनच काढावं लागलं. अर्धं घराणं तोस्कानाचं, अर्धं दक्षिणेचं. तोस्कानी माणसापुढे हे हळू आवाजात सांगावं.

प्रश्न : ‘मोंतेपुल्चानो’ लिहिलेल्या दोन बाटल्या आणल्या, दोन्हींची चव अगदी वेगळी. एकीत सांजोवेझे आहे म्हणतात, मग दुसरीत काय?

एक गाव, एक द्राक्ष, म्हणून घोटाळा. ‘व्हीनो नोबिले दी मोंतेपुल्चानो’ ही तोस्कानातल्या मोंतेपुल्चानो गावची वाइन, आणि तिच्यात मुख्य सांजोवेझे. तिथं त्याला प्रुन्योलो जेंतीले म्हणतात. ‘मोंतेपुल्चानो द’अब्रुत्सो’मध्ये मोंतेपुल्चानो नावाचं वेगळंच द्राक्ष असतं, आणि ते येतं पलीकडच्या किनाऱ्याकडच्या अब्रुत्सोमधून. नागपूरची संत्री आणि ‘नागपूरकर’ आडनावाचा माणूस, इतकाच संबंध. सांजोवेझेला मुलखागणिक टोपणनावं आहेत. तोस्कानाच्या समुद्राकडच्या स्कान्सानो भागात ते मोरेल्लीनो, आणि फ्रान्सच्या कोर्सिका बेटावर नियेलुच्चो.

प्रश्न : आमची माळशिरस तालुक्यात डाळिंब आणि ऊस. अकलूजला हे इटलीचं द्राक्ष लावलंय असं ऐकतो. आम्ही दोन एकर लावावं का? पाणी आहे, ठिबक आहे.

बरोबर ऐकलंत. अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीनं सांजोवेझे लावलं आहे. फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. इटलीचे दोन, अकलूजचे मोहिते-पाटील दोन आणि दिल्लीचे सेखरी दोन, अशा भावाभावांच्या तीन जोड्यांनी ती उभी केली. वाइन करायला तोस्कानाचे पिएरो मासी, ते सातवे. म्हणून त्यांच्या गाजलेल्या वाइनचं नाव ‘सेत्ते’, म्हणजे सात. तिच्यात सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों एकत्र असतात. नुसत्या सांजोवेझेची बाटलीही ते काढतात.

तुमच्याकडचं सांजोवेझे आणि तिथलं यात फरक पडतो, तो मुळात झोपेचा. तोस्कानात वेल हिवाळ्यात ठार झोपते, छाटणी एकदाच, एप्रिलच्या आसपास डोळे फुटतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला काढणी. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलला खरड छाटणी, पावसाळा संपता संपता गोडी छाटणी आणि फेब्रुवारी-मार्चला माल. तिथं द्राक्ष पिकताना दिवस थंड होत जातात, आपल्याकडे ते पिकताना ऊन चढत जातं. आम्ल उन्हानं जळतं, त्यामुळे अकलूजच्या सांजोवेझेला तो राद्दाचा कडक आंबटपणा नसतो. फळ जास्त, कडा गोल. मला राद्दाचंच आवडतं, पण माझ्या सासूबाईंना अकलूजचं आवडतं, आणि त्यांची जीभ माझ्यापेक्षा तयार आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. हातात वायनरीचा लेखी करार असल्याशिवाय एक काडीसुद्धा लावू नका. वाइनचं द्राक्ष मार्केट यार्डात विकलं जात नाही. लहान मणी, आत बिया, जाड्या गराला सोकावलेलं गिऱ्हाईक हात लावणार नाही. आमच्या भावकीतल्या एकानं पंधराएक वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या तोंडी शब्दावर तीन एकर वाइनची जात लावली. तिसऱ्या वर्षी मंदी आली, माल घ्यायला गाडी येईना, आली तर दर निम्मा. त्यानं मार्चच्या उन्हात उभी बाग जेसीबीनं काढली आणि मी बांधावर उभी राहून बघितली. झालाच करार, तर त्यात दर किलोवर आहे की ब्रिक्सवर ते पाहा, आणि एकरी किती टनांच्या वर माल धरायचा नाही हेही लिहून घ्या. ते लिहायला तयार नसतील तर त्यांना चांगली वाइन करायची नाही असं समजा. खुंट, अंतर, भुरी-केवड्याची फवारणी हे सगळं त्यांचा माणूस सांगेल. पाणी मात्र हात आखडून द्या. उसाची सवय इथं चालत नाही.

प्रश्न : याच्याबरोबर जेवायला काय करावं? आणि बाटलीवर ‘खोलीच्या तापमानाला’ लिहिलंय, म्हणजे किती? – औरंगाबाद रोड, नाशिक

ज्या खोलीचं तापमान त्यांना अभिप्रेत आहे ती दगडी भिंतींची, जुन्या युरोपातली. १६ ते १८ अंश. तुमची-माझी खोली एप्रिलमध्ये ३४ ला असते. बाटली पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा, दारात नाही, आत. लाल वाइन गार करू नये हे कुणी शिकवलं असेल तर विसरा. गरम सांजोवेझेत अल्कोहोल नाकात जाते आणि तुरटपणा दगडासारखा बसतो. हे मी स्वतः शिकले. राद्दाहून आणलेली शेवटची बाटली मी गाडीच्या डिकीत दुपारभर विसरले होते. संध्याकाळी बघते तर बूच बोटभर वर आलेलं आणि लेबल खाली लाल. पाहुणे यायचे होते. उघडली, उकळलेल्या मुरंब्यासारखी लागली, आणि एक जण म्हणाले, ‘वा, वेगळीच आहे.’

जेवणाचं म्हणाल तर सांजोवेझे एकटं प्यायला बसू नका, ते जेवणाचं द्राक्ष आहे. तोस्कानात बिनमिठाचा पाव, टोमॅटो, ऑलिव्ह तेल, मेंढीच्या दुधाचं चीज आणि निखाऱ्यावर भाजलेलं बीफ. आंबटाशी आंबट जमतं, म्हणून टोमॅटोपुढे इतर लाल वाइन आडव्या पडतात आणि ही उभी राहते. तुरटपणा चरबीला धरतो, म्हणून मांसाबरोबर मऊ होते. घरात माझं ठरलेलं आहे, चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, तेल सढळ, मिरची कमी, आणि त्याच्याबरोबर ज्वारीची भाकरी. किंवा टोमॅटो घालून मंद शिजवलेलं मटण. खानदेशी काळ्या मसाल्याचा रस्सा मात्र नको. तिखटानं जिभेवर जाळ होतो आणि त्यात टॅनिन, म्हणजे वाइनमधला तुरट अंश, पडलं की जीभ सुकते. रश्श्याबरोबर ताक.

प्रश्न : (पिंपळगावच्याच पत्राच्या खाली, वेगळ्या अक्षरात) ताई, उरलेली अर्धी बाटली यांनी बूच लावून माळ्यावर ठेवली, त्याला तीन महिने झाले. टाकवत नाही. काय करू?

वहिनी, वर मी दादांना पेला तिरका धरून बघायला सांगितलं, ते आता राहू द्या. आंबट वास येतोय ना? ते व्हिनेगर झालं. फ्लॉरेन्सचे सोदेरीनी म्हणून एक गृहस्थ होते. १५९० च्या सुमारास त्यांनी याच द्राक्षाबद्दल लिहिलं, तो त्याच्या सगळ्यात जुन्या उल्लेखांपैकी एक. खायला आंबट पण रसानं भरलेलं, असं ते म्हणतात, आणि पुढे बजावतात की जपून, वाइन करायला जाल आणि व्हिनेगर होईल. दादांना हे जरूर वाचून दाखवा.

गाळून काचेच्या बरणीत भरा. कांदा उभा चिरून, मीठ आणि चिमूटभर साखर घालून त्यात तासभर बुडवा. कांदा गुलाबी झाला की शनिवारच्या भाकरीबरोबर घ्या.